देशी झाडं आणि तण बघायची निसर्गफेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी अशा फेऱ्या नेतो. फेरीच्या आदल्या रात्री येणारे मेसेज जवळजवळ सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबली आहेत. ते प्रश्नच तसे आहेत.

हा ट्रेक आहे का?

नाही. दोन-अडीच तासांत आम्ही जेमतेम एक किलोमीटर जातो. एकदा तर जिथे जमलो तिथून पन्नास पावलांवरच पाऊण तास गेला, कारण रस्त्याकडेच्या हातभर पट्ट्यात चौदा प्रकारची रोपं निघाली. घाम गाळायचा असेल तर तुमची निराशा होईल. गुडघे दुखतात ते मात्र खरं, चालून नव्हे, सारखं उकिडवं बसून.

देशी झाड म्हणजे नेमकं काय?

माणसानं न आणता जे त्या प्रदेशात आपलं आपण आलं आणि तिथल्या किड्या-पाखरांच्या संगतीत हजारो वर्षं राहिलं, ते तिथलं देशी. यात 'प्रदेश' हा शब्द महत्त्वाचा. नकाशावरच्या सीमेचं झाडाला काही पडलेलं नसतं. बर्फाच्या डोंगरावरचं झाड त्याच देशातल्या कोरड्या माळावर नेऊन लावलं, तर ते माळावर परकंच.

किती जुनं म्हणजे देशी, यावर वाद होतात आणि व्हायलाच हवेत. युरोपातल्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी सोयीसाठी साधारण इ. स. १५०० ची रेघ मारली आहे. कोलंबस अमेरिकेला पोचला आणि झाडांची ये-जा एकदम वाढली, तो हा काळ. त्याआधी माणसाबरोबर आलेल्या वनस्पती जुन्या पाहुण्या, नंतरच्या नव्या. चिंच मूळची आफ्रिकेतली, पण भारतात ती इतक्या पूर्वीपासून आहे की तिला कुणी पाहुणी म्हणत नाही. गुलमोहर मादागास्करचा. चिंचेपुढे तो अगदी अलीकडचा.

फेरीत सगळ्यात मोठा धक्का बसतो तो लाजाळू आणि एकदांडीचा. दोन्ही अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेल्या. एकदांडीला दगडी पाला, कंबरमोडी अशी चांगली घरगुती नावं आहेत, आणि तिचं मूळ गाव समुद्रापलीकडे आहे असं सांगितलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात. आपल्या भाषेत नाव आहे म्हणजे झाड इथलंच, असं धरून चालू नका. नावं फार लवकर रुजतात.

मग परदेशी ते तण, असं सरळ म्हणायचं का?

इथेच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून जरा थांबू या. देशी की परदेशी हा झाडाच्या पत्त्याचा प्रश्न आहे. तण आहे की नाही हा वागणुकीचा, आणि तोही कुणाच्या तरी नजरेतून. आपल्याला नको तिथे जे उगवतं ते तण. वाफ्यात नको असलेलं गवत कडेच्या उतारावर माती धरून ठेवत असेल, तर तिथे ते कामाचं.

केना घ्या. पावसाळ्यात ओलसर जागी पसरणारा, निळ्या दोन पाकळ्यांचा. आशिया आणि आफ्रिकेच्या उष्ण भागात तो देशी आहे, अमेरिकेत सरकारी उपद्रवी तणांच्या यादीत. झाड तेच, पत्ता बदलला. केन्याची एक गंमत फेरीत मी हमखास दाखवतो. एखादं रोप मुळाशी हलकेच मोकळं केलं की मातीखाली पांढुरक्या फांद्या दिसतात आणि त्यांना फुलं असतात, कधीच न उमलणारी. ती बंद कळीतच स्वतःचं परागण करतात आणि तिथेच बी धरतात. वरची निळी फुलं तुम्ही खुडून टाकलीत तरी त्याचं दुकान खाली चालूच.

गुंजेचंही तसंच. लाल-काळ्या बियांची ही नाजूक वेल आशियात देशी, फ्लोरिडात आक्रमक. उलट गुलमोहर परका असूनही बहुतेक ठिकाणी जिथे लावला तिथेच मुकाट उभा राहतो. आणि लव्हाळा? जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची यादी तज्ज्ञांनी केली तेव्हा पहिला नंबर त्याला मिळाला, आणि भारतात तर तो देशीच आहे. पुरात लव्हाळं वाचतं हे आपण लहानपणापासून ऐकतो. एकदा खणून बघा. मातीत मण्यांच्या माळेसारख्या गाठी लागतात, वरचं पातं उपटलं की माळ तुटते आणि प्रत्येक मण्याला नवा कोंब येतो.

'आक्रमक' हा शब्द मग कुणासाठी?

जी परकी वनस्पती माणसाच्या मदतीशिवाय पसरते आणि पसरताना तिथल्या जीवसृष्टीचं नुकसान करते, तिच्यासाठी. दोन्ही अटी लागतात. आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार माणसानं जगभर इकडून तिकडे नेऊन रुजवलेल्या जीवजाती ३७,००० हून जास्त आहेत, आणि त्यांतल्या ३,५०० हून जास्त हानिकारक ठरल्या आहेत. यात प्राणी-कीटकही आले. म्हणजे दहातला एकही धड नाही. पण तो एक काय करतो ते ऑस्ट्रेलियात बघायला मिळालं.

फड्या निवडुंग तिथे युरोपीय वसाहतीच्या सुरुवातीलाच नेला होता, त्यावर वाढणाऱ्या किड्यांपासून लाल रंग काढावा म्हणून. पुढे कुंपणाला लावला. १९२० च्या दशकापर्यंत त्यानं सुमारे २.४ कोटी हेक्टर जमीन व्यापली. माणसं घरं सोडून गेली. मग अर्जेंटिनातून एका पतंगाची अंडी आणली, १९२६ पासून ती निवडुंगावर सोडली, आणि अळ्यांनी काही वर्षांत आतून पोखरून निवडुंगाची रानंच्या रानं आडवी केली. क्वीन्सलँडमधल्या लोकांनी कृतज्ञतेनं एका सभागृहाला या पतंगाचं नाव दिलं.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. १९८९ मध्ये तोच पतंग फ्लोरिडात सापडला. तिथले निवडुंग देशी आहेत, आणि आता तिथे पतंग हा आक्रमक आहे.

मला एकाही झाडाचं नाव येत नाही. आलो तर चालेल?

खरं तर तुम्हीच यायला हवं. ज्याला नावं येतात तो नाव सांगून पुढे जातो. ज्याला येत नाहीत तो बघत बसतो.

पहिल्या अर्ध्या तासात मी कुणालाच नाव सांगत नाही. लोक वैतागतात, पण नाव कळलं की डोळे मिटतात, हा माझा अनुभव आहे. त्याऐवजी चार गोष्टी विचारतो. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? खोड गोल की चौकोनी? चुरगळल्यावर वास कसला? (वास घेण्याआधी मला विचारा, त्याचं कारण खाली आहे.) तोडल्यावर चीक येतो का, आणि तो पांढरा की पाण्यासारखा?

मग पानाची परीक्षा. टाकळ्याचं एक पान दाखवा म्हटलं की दहातले नऊ जण एक लहानशी गोल पर्णिका पुढे करतात. ते पान नाही, पानाचा सहावा भाग आहे. टाकळ्याच्या एका पानात पर्णिकांच्या तीन जोड्या असतात. ओळखायचं कसं? देठ खोडाला जिथे मिळतो त्या बेचक्यात बघायचं. तिथे बारीक डोळा असेल, म्हणजे पुढच्या फांदीची कळी, तर तिथून सुरू होतं ते पूर्ण पान. पर्णिकेच्या बेचक्यात डोळा कधी नसतो. याच पानाच्या खालच्या जोड्यांमध्ये भिंगातून पाहिलं की दाभणाच्या टोकासारखी एक उभी पिवळसर ग्रंथी दिसते. ती पहिल्यांदा दिसते तेव्हा लोक जे 'अरे!' करतात, त्यासाठी मी सकाळी लवकर उठतो.

गटानं का जायचं? एकट्यानं शांतपणे बघता येत नाही का?

येतं, आणि जरूर बघा. पण एकट्याला स्वतःच्या आवडीचंच दिसतं. गटात एकाची नजर वर असते, एकाची पायाशी, एखादी आजी थेट सांगते की या पाल्याला गुरं तोंड लावत नाहीत, आणि तेच त्या झाडाबद्दलचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य असतं.

ही कल्पना जुनीही आहे. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत ज्यानं रुळवली तो कार्ल लिनियस १७४० च्या दशकात स्वीडनमधल्या उप्सालात विद्यार्थ्यांना घेऊन अशाच फेऱ्या काढायचा. पोशाख ठरलेला, कुणी काय करायचं तेही ठरलेलं. संध्याकाळी ही वरात शिंगं-नगारे वाजवत गावात परत यायची. आम्ही वाजवत नाही. बाकी फारसं बदललेलं नाही.

पंधरापेक्षा जास्त जण मी घेत नाही. सोळावा माणूस मागे उभा राहून फक्त पाठी बघतो.

सोबत काय आणायचं?

पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ पँट, बंद बूट. वही आणि पेन्सिल, कारण पेनाची शाई दवात पसरते. भिंग असेल तर दहापट मोठं दाखवणारं, सोनाराकडे असतं तसं घडीचं. नसेल तर आमच्याकडे तीन आहेत, आळीपाळीनं मिळतील. अत्तर मारून येऊ नका. वास हा आपल्या कामाचा भाग आहे, आणि मधमाश्यांनाही उगाच चौकशीला बोलावणं नको.

भिंगातून मला काहीच स्पष्ट दिसत नाही. माझे डोळे खराब आहेत का?

डोळे बरे आहेत, भिंग लांब धरताय. गुप्तहेरासारखं हात लांब करून धरायचं नसतं. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि फूल हळूहळू भिंगाकडे आणायचं. चित्र एकदम लख्ख उमटतं.

सुरुवात एकदांडीपासून करा. तुम्ही ज्याला एक फूल समजत होतात तो पन्नास-साठ फुलांचा गुच्छ निघेल. मधली पिवळी प्रत्येक नळी हे एक स्वतंत्र फूल, आणि कडेला जी पांढरट पाकळी वाटते तेही एक फूलच. सूर्यफुलाच्या सगळ्या कुळाची हीच तऱ्हा, गाजरगवतसुद्धा त्यातलंच.

मोबाइलचं ॲप फोटोवरून नाव सांगतं. मग माणूस कशाला?

ॲप वापरा, मीही वापरतो. ते अंदाज सांगतं, आणि फोटो चांगला असेल तर अंदाजही चांगला असतो. अडचण फोटोची आहे. बहुतेक लोक फुलाचा एकच सुंदर फोटो काढतात, मागचं सगळं धूसर करून. ओळखायला तो जवळपास निरुपयोगी.

एका रोपाचे निदान पाच फोटो हवेत: पूर्ण रोप आजूबाजूच्या जमिनीसकट, खोडाला पानं कशी लागली आहेत तो भाग, पानाची खालची बाजू, फूल समोरून आणि मागून, आणि फळ किंवा शेंग असेल तर ती. एकात तरी मापासाठी बोट किंवा पेन्सिल दिसू द्या. गवत आणि लव्हाळ्याच्या भाऊबंदांपुढे ॲप बऱ्याचदा हात टेकतं. तिथे बोटं कामाला येतात. काडी चिमटीत धरून फिरवायची. तीन कडा लागल्या की लव्हाळ्याचं कुळ, गोल लागली आणि मध्ये पेरं असली तर गवत. नियम अगदी काटेकोर नाही, पण दहातल्या आठ वेळा साथ देतो.

एकाच झाडाची चार नावं ऐकू येतात. वहीत कुठलं लिहू?

ऐकलेली सगळी, आणि प्रत्येकापुढे ते कुणाकडून ऐकलं तेही. शिवाय शास्त्रीय नाव.

एकदा मी कमरेएवढ्या रोपाकडे बोट दाखवून म्हटलं, "हे गोखरू." गटातल्या एक वयस्क बाई खाली वाकून जमिनीवर शोधायला लागल्या. मला वाटलं त्यांचं काहीतरी पडलं. त्या म्हणाल्या, "गोखरू जमिनीसरपट असतं हो, पिवळ्या फुलाचं. तुम्ही दाखवताय तो लांडगा." दोघंही आपापल्या परीनं बरोबर होतो. काट्यांच्या फळाला गोखरू म्हणायची पद्धत दोन अगदी वेगवेगळ्या झाडांबाबत आहे. जमिनीवर पसरणारं ते ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस, उभं वाढणारं ते झँथियम स्ट्रुमॅरियम, ज्याला शंकेश्वरही म्हणतात. शास्त्रीय नावं जिभेला जड जातात, पण अशा वेळी भांडण तीच मिटवतात. तीही अधूनमधून बदलतात, हे मात्र मान्य. जलपर्णीचं आयकॉर्निया पाठ केलेल्यांना आता पाँटेडेरिया म्हणावं लागतं.

आठवण म्हणून एखादं फूल तोडलं तर?

नाही. पंधरा जणांनी एकेक तोडलं तर तो तुकडा ओका होतो. शिकवण्यासाठी लागेल ते पान मी काढतो, आणि तेही भरपूर असलेल्या जातीचं. राखीव किंवा संरक्षित जागेत तर काडीही उचलायची नाही, तिथले नियम तिथले.

खाऊन बघण्याबद्दलही इथेच सांगतो. फेरीत काहीही तोंडात घालायचं नाही, तुम्हाला कितीही खात्री असली तरी.

घाणेरीवर इतकी फुलपाखरं बसतात. मग तिला वाईट का म्हणता?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. विचारणारा नीट बघून आलेला असतो.

घाणेरी, म्हणजे टणटणी, शास्त्रीय नावानं लँटाना कॅमारा. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून बागेतलं शोभेचं झुडूप म्हणून ती जगभर नेली गेली. तिचा फुलोरा जवळून बघा. बाहेरची फुलं आधी उमलतात. नवं फूल बऱ्याच वाणांत पिवळं असतं, मग केशरी, गुलाबी किंवा लाल होतं. मध पिवळ्यांत असतो. फुलपाखराची सोंड बघत राहा, ती पिवळ्या फुलांतच जास्त जाते. रंग बदललेली जुनी फुलं लांबून गुच्छ मोठा दिसावा एवढ्यासाठी टिकून असतात. पाटी दुकानभर, माल एका फळीवर.

तेव्हा फुलपाखरांना घाणेरी मध देते, यात शंका नाही. पण फुलपाखरू आकाशातून पडत नाही, ते अळीतून येतं, आणि अळीला मध नको असतो, पान हवं असतं. बऱ्याच जातींच्या अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात. रुईचं पान उलटून बघा. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली तर ती एका केशरी पंखांच्या फुलपाखराची. रुईच्या चिकानं बाकीचे लांब राहतात, ही मात्र त्यावरच पोसली जाते. घाणेरीची पानं उलटून बघायला लावली तर गटाला अर्ध्या तासात क्वचितच एखादी अळी सापडते. तिच्या गच्च जाळीखाली ऊन पोचत नाही, तिथल्या देशी झाडांची रोपं उठत नाहीत, आणि त्यांच्याबरोबर अळ्यांचा घासही जातो. मध वाढला, पाळणाघर कमी झालं, असा हा हिशोब आहे.

घाणेरी वाईट आहे असं मी तरीही म्हणत नाही. तिची फळं पाखरं आवडीनं खातात आणि बी लांबवर टाकतात. ती फक्त जे तिला उत्तम जमतं ते करते. तिला इथवर कुणी आणलं, ते आपण बघायचं.

फेरीत तण दिसलं की उपटू का?

बघायच्या फेरीत नाही. आधी ओळख पक्की होऊ द्या. उत्साहाच्या भरात तण समजून देशी रोपं उपटणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांत पहिल्या वर्षीचा मीही आहे.

काढायच्या वेगळ्या फेऱ्या असतात. तिथे आम्ही जी पद्धत वापरतो ती ऑस्ट्रेलियात सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६० च्या दशकात घराजवळच्या रानात काम करता करता घडवली. आपली पहिली ऊर्मी काय असते? जिथे तण सगळ्यात जास्त, तिथे तुटून पडायचं. त्यांनी नेमकं उलट सांगितलं. जिथे देशी झाडी सगळ्यात चांगली आहे तिथून सुरुवात करा, तिथलं तुरळक तण हातानं काढा, माती शक्य तितकी कमी हलवा, आणि देशी रोपं ती जागा भरून काढतील त्याच वेगानं पुढे सरका. माजलेल्या भागापर्यंत पोचायला वर्षं लागतात. माणसांना हे पटत नाही, कारण दिवसाअखेर दाखवायला ढीग लहान असतो.

मोठा ढीग का फसवा, ते मातीत आहे. गाजरगवताच्या एका रोपाला दहा हजारांहून जास्त बिया येऊ शकतात. सरसकट उपटून मोकळी केलेली, उकरलेली जमीन हे त्यांना निमंत्रणच. आणि बिया वाट बघू शकतात. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या प्राध्यापकानं १८७९ मध्ये साध्या तणांच्या बिया वाळूत मिसळून वीस बाटल्यांमध्ये पुरून ठेवल्या, किती काळ जिवंत राहतात ते बघायला. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरतात. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्या काही बिया रुजल्या. १४० हून जास्त वर्षांनी. बाटल्या अजून शिल्लक आहेत.

तेव्हा बी धरायच्या आधी काढा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा या.

अंगावर पुरळ, खाज, विष यांची किती भीती बाळगायची?

माहिती असावी इतकीच. गाजरगवतामुळे अनेकांच्या त्वचेला त्रास होतो, परागकणांनी दम्याचा त्रासही बळावतो. तुम्हाला आधीपासून ॲलर्जी असेल तर आदल्या दिवशी सांगा, मी वाट बदलतो. रुईचा चीक डोळ्यात जाता कामा नये. हात लागला की धुवा, डोळा चोळू नका. खाजकुयलीच्या शेंगेवरची मखमल दिसायला गोड असते आणि वाऱ्यानंही अंगावर येते. धोतरा सगळाच विषारी. गुंजेची बी चावली गेली तर जिवावर बेतू शकतं. मुलं ती खिशात भरतात, म्हणून खिसे तपासा. वास घ्यायला मला विचारा म्हणालो ते याचसाठी.

मुलांना आणलं तर कंटाळतील का?

मोठेच आधी कंटाळतात. मुलं जमिनीच्या जवळ असतात. त्यांना लाजाळू दाखवला की पुढचा अर्धा तास माझा. पान मिटतं कसं, हे विचारणारं मूल दर फेरीत एक तरी असतं. देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो, त्याच्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी झटकन बाहेर जातं आणि पान खाली पडतं. पुन्हा पाणी भरायला काही मिनिटं लागतात. दहा मुलांनी एकाच रोपाला लागोपाठ छळू नये, एवढं मात्र बघावं लागतं.

फुलं नसताना येण्यात अर्थ आहे का?

आहे. फुलं असताना लोक फक्त फुलं बघतात. उन्हाळ्यात साली, काटे, वाळकी बोंडं आणि शेंगा दिसतात, आणि तण कुठून येणार आहे ते कळतं. शक्य असेल तर एकाच वाटेवर वर्षातून चारदा या. दर वेळी नवी जागा बघण्यापेक्षा त्यानं कितीतरी जास्त कळतं.

तुम्ही सांगितलेलं नाव चुकीचं निघालं तर?

निघतं. एक अख्खा पावसाळा मी एका लव्हाळ्याला गवत म्हणून सांगत होतो. शेवटच्या फेरीत एका शाळकरी मुलीनं काडी चिमटीत फिरवली आणि म्हणाली, "काका, याला कोपरे आहेत." वर चिमटीची जी युक्ती दिली आहे ती मला अशी आठवणीत बसली. वहीत नावापुढे प्रश्नचिन्ह टाकायला लाजू नका. माझ्या वहीत पाना-पानावर ती आहेत.

आमच्या नोंदींचं पुढे काय होतं?

फोटो, तारीख आणि ठिकाण असेल तर त्या आयनॅचरलिस्टसारख्या खुल्या मंचावर टाकता येतात, तिथे इतर लोक ओळख तपासतात. 'इथे हे तण नव्हतं, यंदा दिसलं' ही एक ओळ कधीकधी सगळ्यात मोलाची असते, कारण नवं तण चार रोपांचं असतानाच काढता येतं. त्यासाठी मागच्या वर्षी ते नव्हतं हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असावं लागतं. दुर्मिळ देशी झाड सापडलं तर मात्र नेमकी जागा उघड करू नका.

घरी परतल्यावर काही करायचं असतं का?

हो, आणि हे कुणी करत नाही. निघायच्या आधी वाटेवरच बुटांचे तळवे घासून माती तिथेच सोडा, पँटची दुमड उलटा, मोजे तपासा. बिया माणसाच्या पायांवरून किती सहज प्रवास करतात याचा पुरावा रोज आपल्या हाताखाली असतो. १९४१ मध्ये स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांनी फिरून आल्यावर कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, त्यातले आकडे पाहिले, आणि त्यातून पुढे वेल्क्रो आलं.

शंकेश्वराचं बोंड मोज्यात सापडलं तर फेकायच्या आधी चाकूनं उभं कापून बघा, बोटं सांभाळून. आत दोन बिया असतात, एक जरा मोठी. बहुधा मोठी आधी रुजते आणि दुसरी मागे थांबते, पहिलीचं काही बरंवाईट झालं तर असावी म्हणून.

मी स्वतः एकदा आळस केला. फेरीहून आल्यावर मोजे गॅलरीच्या कठड्यावर झटकले आणि विसरून गेलो. दोन महिन्यांनी तुळशीच्या शेजारच्या रिकाम्या कुंडीत एक रोप वर आलं, पानं समोरासमोर, पेरं फुगलेली. मी काही दिवस कौतुकानं पाणी घातलं. मग लांब तुरा आला, त्यावर उलट्या टोकांची फळं धरली, आणि एका सकाळी ती माझ्याच बाहीला चिकटून आली. आघाडा होता.